बहीतल्या अकरा ओळी

ते वारले असते तर हे लिहिणं मला सोपं गेलं असतं. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहून मोकळं होता येतं. पण ते आहेत. ग्वाल्हेरातच, गोरखीच्या मागच्या गल्लीत राहतात, संध्याकाळी पिशवी घेऊन भाजीला निघतात, आणि मी समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जातात. घाईने नाही. आधी उजवीकडे बघतात, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि मगच पाऊल टाकतात. त्यांचं सगळंच असं असायचं.

जयेंद्रगंजात एका चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही सात-आठजण तिथे वेबसाइट बनवायचो. शाळांच्या, कोचिंग क्लासच्या, लग्नाच्या हॉलच्या. साइट दिसायला कशी असावी, फॉर्म कसा भरावा, हे आमचं काम. पण या सगळ्या साइट ज्या सर्व्हरवर चालायच्या, तो सर्व्हर त्यांच्या ताब्यात. तो कुठल्यातरी लांबच्या शहरात भाड्याने घेतलेला होता, आमच्यापैकी कुणीही तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. ते मात्र त्याच्याबद्दल अशा अदबीने बोलायचे, की आतल्या खोलीत कुणी वडीलधारं झोपलेलं असावं.

ऑफिसात तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे दरोगाजी, म्हणजे फौजदारसाहेब. मी मराठी घरातली, म्हणून काका म्हणायचे. ती मुभा त्यांनी दिली नव्हती, मीच घेतली होती. त्यांचं घराणं पुजाऱ्यांचं. कुणी पूर्वज दरबारच्या देवघरासाठी दख्खनमधून आलेला. आमचे फौजेबरोबर आलेले. माझी काही घाई दिसली की ते म्हणायचे, "तुम्ही लोक पहिले घोडा दौडवता, मग रस्ता विचारता."

ग्वाल्हेरचा उन्हाळा भट्टीसारखा असतो. त्यातही ते पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा घालत, मनगटाची बटणं लावलेली. कीबोर्डवर घरून शिवून आणलेलं कापडी झाकण. सकाळी आल्यावर ते काढून, चौकोनी घडी करून खणात ठेवायचे. टायपिंग दोन बोटांनी. कुठलीही आज्ञा लिहून झाली की दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि लिहिलेलं ओठातल्या ओठात तीनदा वाचायचे. मगच एक बोट उचलून एंटर. आमच्यातली मुलं त्यांची नक्कल करायची, मंत्र पुटपुटल्यासारखी. मीही केली आहे.

मी लागले तेव्हा पहिला आठवडा त्यांनी मला सर्व्हरला हात लावू दिला नाही. सर्व्हरने कसं वागायचं हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, ती सेटिंगची फाइल त्यांनी छापून माझ्यापुढे ठेवली. दोनशेच्या वर ओळी. म्हणाले, "हाताने उतरून काढ. प्रत्येक ओळीसमोर लिही, ही इथे का आहे. माहीत नसेल तर लिही, माहीत नाही."

मी बी.ई. झालेली मुलगी, पाटी-पेन्सिल दिल्यासारखं वाटलं मला. घरी येऊन आईजवळ रडले. शनिवारी वही त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी सगळी वाचली. एकशे चाळीस ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलेलं होतं.

"अच्छा आहे," ते म्हणाले. "खोटं नाही लिहिलंस."

पुढचा महिनाभर ते रोज त्यातल्या पाच-सहा ओळी मला समजावून सांगत. आजही कुठल्याही सर्व्हरवर ती फाइल उघडली की मला कुठली ओळ का आहे ते दिसतं. हे मला त्यांनी दिलं. पुढचं सगळं लिहितानाही मला हे खोडता येत नाही.

त्यांचे नियम भिंतीवर नव्हते, बोलण्यात होते. फाइलला हात लावायच्या पहिले तिची कॉपी ठेव, कॉपीच्या नावात तारीख घाल आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर घाल. बदल केलास की पहिले तपासायची आज्ञा दे, मशीन स्वतः सांगतं कुठे चुकलं. मग नवीन सेटिंग वाचायला लाव, सर्व्हर बंद करून चालू करू नकोस. गिऱ्हाईक आत असताना कुणी शटर पाडतं का? काही बिघडलं तर त्याची सगळी कहाणी साइटवर आलेल्या माणसाला दाखवू नकोस, त्याला नुसतं सांग की माफ करा, आणि खरं काय ते सर्व्हरच्या रोजनिशीत, लॉगमध्ये लिही. आणि कुठलाही फोल्डर सगळ्यांना सगळं करायला मोकळा ठेवू नकोस. अशा मोकळ्या फोल्डरला ते धर्मशाळा म्हणत. "कोणी धर्मशाळा उघडली?" हा आवाज त्यांच्या कोपऱ्यातून आला की ऑफिस गप्प व्हायचं.

एकदा त्यांनी मला सांगितलं होतं, "साइट पडली तर चार माणसं चार तास शिव्या देतात. उघडी राहिली तर कोणाला कळत पण नाही. तू उघडी राहण्याला भीत जा."

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सगळ्या साइटच्या साठवलेल्या कॉप्या एका जुन्या मशीनवर परत उतरवून बघायचे. नुसती कॉपी आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता, ती उघडते का, हे हवं. एकदा एका कोचिंग क्लासची कॉपी उघडली तर आत काहीच नाही. दोन आठवडे रोज नेमाने रिकामी फाइल साठवली जात होती. ते कुणाला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "डबा रोज जात होता. भाजी कोणी ठेवत नव्हतं." आणि ती ज्याची चूक, त्या मुलाला बसवून त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतली. स्वतः हात लावला नाही. तेव्हा मला ती शिकवण्याची पद्धत वाटली होती.

त्यांचा राग मात्र वाईट. आम्हाला सगळ्यांना ते अरे-तुरे करायचे. राग आला की 'आपण'. आमच्यातल्या एका मोठ्या डेव्हलपरने एकदा सर्व्हरवर जाण्याच्या दाराचीच सेटिंग बदलली. अशा वेळी एक खिडकी चालू ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते पाहायचं, आणि मगच पहिली बंद करायची. हे त्याला माहीत होतं. त्याने पाहिलं नाही. अख्खी दुपार आम्ही आमच्याच सर्व्हरच्या बाहेर उभे.

"आपण फार मोठं काम केलंत," ते त्याला सगळ्यांसमोर म्हणाले. "आता आपण घरी जाऊन आराम करावा."

त्यानंतर महिनाभर ते त्याला 'आपण' म्हणत राहिले. चहा घ्यावा आपण. बसावं आपण. एक दिवस तो मुलगा जेवणाच्या सुट्टीत गेला तो परत आला नाही. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

आणि बही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दुकानदार वापरतात तसली. टोपी बाजारातल्या एकाच दुकानातून ते ती आणत. तिच्यात रकाने आखलेले: दिवस, कुठली फाइल, काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. सर्व्हरवर जो कुणी काही बदलेल त्याने आपल्या हाताने त्यात लिहायचं. अक्षर त्यांचं इतकं सुरेख, की आमची अक्षरं त्यांच्या ओळींमध्ये चिखलात पाय पडल्यासारखी दिसायची. ते रोज सकाळी सर्व्हर पाहायचे आणि बही पाहायचे. दोन्ही जुळलं पाहिजे.

या बहीमागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. जूनमधली दुपार, वीज गेलेली, इन्व्हर्टरही मान टाकून बसलेला. बाकी सगळे खाली चष्म्याच्या दुकानात कूलरसमोर जाऊन बसले होते. ते आपल्या खुर्चीतून हलले नव्हते आणि मी त्यांच्याबरोबर बसले होते. त्यांनी डब्यातला दहीभात अर्धा करून झाकणात मला दिला.

तरुणपणी ते सरकारी कॉम्प्युटर केंद्रात होते. शेजारी बसणारा एक सहकारी कामात ढिसाळ. हे त्याच्या चुका गुपचूप दुरुस्त करून द्यायचे, त्याच्या घरी लहान मुलं होती म्हणून. एकदा मोठी गडबड झाली. चौकशी बसली. पाहिलं तर त्या कामावर शेवटचा हात यांचा.

"मी दुरुस्त केलं होतं," ते म्हणाले. "पण कागदावर शेवटचं नाव माझं. मग चूक पण माझीच झाली. तीन वर्षं चौकशी चालली. तो माणूस माझ्यासमोर बसून रोज डबा खायचा. बोलला नाही."

"मग?"

"मग काही नाही. तेव्हापासून ठरवलं. ज्याने उघडलं, त्यानेच बंद करायचं. मी दुसऱ्याच्या चुकीला हात लावत नाही."

मला त्यांची फार दया आली होती. त्या वाक्यात काय आहे, ते मला तेव्हा ऐकू आलं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एका खाजगी नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाचं काम होतं. मुलींनी साइटवर फॉर्म भरायचा, त्याबरोबर फोटो, मार्कशीट आणि ओळखपत्र जोडायचं. भरलेला फॉर्म आणि ही कागदपत्रं साठवायचा फोल्डर काकांनी साइटच्या बाहेर, बंद जागी ठेवायला लावला होता. साइटने आत टाकावं, पण बाहेरच्या कुणाला बघता येऊ नये असा.

फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी कागदपत्रं चढेनात. काका अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते, काकूंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं. कॉलेजच्या क्लार्कचे फोनवर फोन. आमचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कुछ भी करो, चालू करो," ते म्हणाले. "लड़कियाँ रो रही हैं उधर।"

चूक माझीच होती. या वर्षाचा नवा फोल्डर मीच बनवला होता आणि त्याची मालकी चुकीच्या नावावर पडली होती. एका ओळीचं काम होतं. पण मागे माणूस उभा, फोन वाजतोय, मला ती ओळ सुचली नाही. मी फोल्डर उचलून साइटच्या आत, उघड्या भागात आणून ठेवला आणि सगळ्यांना मोकळा करून टाकला. कागदपत्रं धडाधड चढायला लागली. थोड्या वेळाने क्लार्कचा फोन आला, "मैडम, अब तो लिंक से सीधे सब दिख रहा है, बहुत बढ़िया।"

भैयाजींनी सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. मी मनात म्हटलं, संध्याकाळी नीट करून टाकू. संध्याकाळी घरी पाहुणे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. झाकण काढलं, घडी केली. सर्व्हर पाहिला. बही पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल काही बदललंस?"

"हो काका, थोडंसं. लिहिते बहीत."

"लिही."

एवढंच. एरवी त्यांनी काय, का, कुठली ओळ, असं अर्धा तास पिळलं असतं. त्या दिवशी नाही पिळलं. मला वाटलं, काकूंच्या डोळ्यांच्या काळजीत असतील. सुटल्यासारखं वाटलं. मी बहीत लिहिलं नाही. फोल्डरही तसाच राहिला. विसरले असं म्हणणं खोटं होईल. सगळं चालत होतं, कुणी काही म्हणत नव्हतं, आणि रोज सकाळी मला ते जरासं आठवायचं आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे.

बाराव्या दिवशी कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. मुलींना अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. फोन करणाऱ्यांना मुलींची नावं माहीत होती, वडिलांची नावं, गावं, सगळं. एका मुलीचा फॉर्मवरचा फोटो कुणीतरी घाणेरड्या चित्राला जोडला होता आणि तो तिच्या गावातल्या मोबाइलवर फिरत होता. मुलगी डबरा गावाच्या पुढच्या एका खेड्यातली. तिच्या घराण्यात शहरात शिकायला येणारी पहिलीच. तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले होते.

मी फोल्डर बंद केला. दोन ओळी लागल्या.

भैयाजींनी मला आणि काकांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं.

"किसने किया?" त्यांनी विचारलं.

मी गप्प राहिले. हे मला लिहायलाच हवं. मी बोलले नाही. भैयाजी काकांकडे वळले. "सर्वर तो आपके ज़िम्मे है।"

काका उठून बाहेर गेले आणि बही घेऊन आले. पान उघडून भैयाजींसमोर ठेवलं. भैयाजींना मराठी येत नव्हती, पण लिपी तीच, त्यामुळे ते वाचायला लागले. पहिल्या ओळीत मी फोल्डर उघडला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. अक्षर काकांचं, सुरेख. 'प्रवेशाचा फोल्डर सगळ्यांना उघडा आहे.' कारणाच्या रकान्यात 'लिहिलेलं नाही'. कोणी, या रकान्यात माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

तिच्या खाली त्यापुढच्या दिवसाची ओळ. 'उघडाच आहे.'

तिच्या खाली पुन्हा. 'उघडाच आहे.'

"ये 'उघडाच' मतलब?" भैयाजींनी मला विचारलं.

"खुला ही है," मी म्हटलं.

"और ये?"

"खुला ही है।"

"ये भी?"

त्यांनी बोट एकेका ओळीवर ठेवत नेलं आणि मी प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. अकरा ओळी होत्या. पाच-सहा ओळींनंतर त्यांना अर्थ कळला नव्हता असं नाही. तरी ते बोट ठेवत राहिले आणि मी सांगत राहिले. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"आपने रोज़ देखा?" भैयाजींनी त्यांना विचारलं.

"रोज़।"

"और बंद नहीं किया।"

"खोला मैंने नहीं था। जिसने खोला, वो बंद करे। मेरा नियम है।"

भैयाजींनी बही मिटली. ते काही फार सज्जन गृहस्थ नव्हते, गिऱ्हाइकाशी रोज खोटं बोलायचे. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे आलं ते आमच्या तिघांमध्ये एकट्या त्यांनाच सुचलं होतं.

"बच्चियाँ थीं, साहब," ते म्हणाले.

काकांनी बहीचे कोपरे टेबलाच्या कडेशी जुळवले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आता तरी आपण लिहून टाका बहीत."

त्याच दुपारी भैयाजींनी त्यांना काढलं. त्यांनी कीबोर्डचं झाकण, पाण्याची बाटली आणि डबा पिशवीत भरला. बही टेबलावरच ठेवली. कुणी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलं नाही. ते खाली उतरल्यावर भैयाजींनी बहीतलं ते पान फाडलं, चार घड्या केल्या आणि खिशात घातलं.

मला काढलं नाही. सर्व्हर आता कोण सांभाळणार, हा प्रश्न होता. आणि कॉलेजला पत्र पाठवायचं होतं, ते हिंदीत नीट कोण लिहिणार? मी लिहिलं. 'सर्वर की देखरेख में हुई चूक के लिए हमें खेद है। संबंधित कर्मचारी को हटा दिया गया है।' त्यात एकही शब्द खोटा नव्हता. भैयाजींनी वाचलं आणि म्हणाले, "तुम अच्छा लिखती हो।"

पोलिसांत कुणी गेलं नाही. कॉलेजला आपलं नाव जपायचं होतं, घरच्यांना मुलींचं, आणि भैयाजींना आपलं. हळूहळू फोन थांबले असावेत. त्या एका मुलीखेरीज बाकीच्यांनी प्रवेश घेतले. दुसऱ्या वर्षी त्याच कॉलेजने पुन्हा आमच्याकडेच काम दिलं.

आता कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवर मी बसते. ऑफिस वाढलं आहे, वीसजण आहेत. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात फाइल हाताने उतरवायला लावते. ती माझ्या नकला करत असणार. कुठे काही उघडं दिसलं की मी आधी स्वतः बंद करते, मग कोणी उघडलं ते विचारते, आणि विचारताना माझा आवाज चढतो. मुलांना वाटतं मॅडम कडक आहेत.

काकांच्या घरी मी एकदाच गेले. त्यांचा वाचायचा चष्मा खणात मागे राहिला होता, तो द्यायचं निमित्त. त्यांना काढून महिना-दीड महिना झाला असेल. काकूंनी दार उघडलं. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्यांनी नुकताच सोडला होता, उजेडात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होत्या. काका बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसले होते. घरातही पूर्ण बाह्यांचा सदरा.

"बंद केलास?" त्यांनी विचारलं. बस म्हणायच्या आधी.

"त्याच दिवशी. फोन आल्याबरोबर."

"किती वेळ लागला?"

"अर्धं मिनिट," मी म्हटलं. आणि मग महिनाभर मनात साठलेलं बाहेर आलं. "तुम्हाला पण अर्धंच मिनिट लागलं असतं, काका."

"हो," ते म्हणाले.

मी भांडायला गेले होते. ते नियम सांगतील, मी मुलींचं नाव काढीन, असं सगळं रस्ताभर ठरवलं होतं. मी पर्समधून चष्मा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

पुढचं तेच बोलले. "चौथ्या दिवशी बंद करायला बसलो होतो. आज्ञा लिहून पण ठेवली. तेवढ्यात तू आलीस. मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होतीस, हसत होतीस. मला वाटलं, हिला तर याद पण नाही. मग एंटर नाही दाबलं."

"म्हणजे रागाने?"

"मी त्याला नियम म्हणत होतो," ते म्हणाले.

त्यांनी चष्मा उचलला, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. "आणलास, अच्छा केलंस," म्हणाले आणि उठून आत गेले. परत आले नाहीत.

काकू मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "तू मनावर घेऊ नकोस. त्या पोरीच्या गावाहून आल्यापासून असेच आहेत."

"कुठल्या गावाहून?"

"ती नाही का, जिचा फोटो... डबऱ्याच्या तिकडची. दोनदा गेले हे. पहिल्यांदा घरच मिळालं नाही, उन्हात फिरून परत आले. दुसऱ्यांदा मिळालं." काकूंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "तिच्या बापाने आत बोलावलं नाही. बाहेरच उभं राहून माफी मागितली म्हणे. माझ्या हातून झालं, म्हणाले. त्याने विचारलं, अकेले आए हो? हे म्हणाले, हां."

मी जिना उतरले. काकू वरून काहीतरी म्हणत होत्या, संक्रांतीला ये वगैरे. त्यानंतर ते मला रस्त्यात दिसले की पलीकडे जातात. मला अजून कळलेलं नाही की त्यांना माझं तोंड बघायचं नाही, की स्वतःचं मला दाखवायचं नाही.

प्रवेश संपल्यावर मुलींची कागदपत्रं सर्व्हरवरून पुसून टाकायची असतात. मी सगळ्यांची पुसली. एक फॉर्म ठेवला. तो ठेवणं चूक आहे हे मला कळतं, आणि तरी मी तो अधूनमधून उघडते. नाव, वडिलांचं नाव, गाव, बारावीचे टक्के. फोटोत तिने दोन वेण्या घातल्या आहेत आणि फोटोवाल्याने सांगितलं असावं तशी हनुवटी वर धरली आहे. खाली मोबाइल नंबर आहे. अकरा दिवस तो वाटेल त्याला मिळत होता, वाटेल त्याने तो लावला. पाच वर्षं तो माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही.